आई ये, पण पंधरा दिवसच

प्रश्न

(गुहागर तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देत आहोत.)

माझं वय ५३. समुद्राजवळ घर आहे, त्यातल्या चार खोल्यांत आम्ही पर्यटकांची राहण्या-जेवणाची सोय करतो. थोडी कलमं, थोडं भात. घरी यजमान आणि ८० च्या पुढच्या सासूबाई. एकुलती एक मुलगी सप्टेंबर २०२४ मध्ये एम.एस. करायला जर्मनीला गेली. त्यासाठी कर्ज काढलंय. गेल्यापासून ती एकदाही आलेली नाही. खोल्यांच्या उत्पन्नातून मी दोन लाख बाजूला टाकलेत. पावसात आमच्याकडे कुणी फिरकत नाही, म्हणून जून ते ऑगस्ट तिच्याकडे जाऊन राहावं, पोरीच्या पोटात घरचं अन्न जावं, असं मनात होतं. ती म्हणते, "आई, ये. पण ऑगस्टात ये आणि पंधरा दिवसच ये. माझ्या खोलीत राहता येईल असंही नाही." हे ऐकल्यापासून घास गोड लागत नाही. यजमान म्हणतात, पंधरा दिवसांसाठी दोन लाख घालवायचे असतील तर जाऊच नको. जाऊबाई म्हणतात, ती काहीतरी लपवतेय, त्या घरात मुलगेही राहतात, न कळवता जाऊन थडक. मी कधी विमानात बसलेली नाही. इंग्रजी येत नाही. बीपीची गोळी चालू आहे. हट्ट धरू, पंधरा दिवस जाऊ, की नाद सोडू?

उत्तर

ताई, आधी जाऊबाईंचा सल्ला निकालात काढू, कारण तो अमलात येण्यासारखाच नाही. तुमच्या व्हिसाच्या अर्जाला मुलीचं निमंत्रणपत्र, तिच्या तिथल्या राहण्याच्या परवान्याची प्रत आणि विद्यापीठाचा दाखला जोडावा लागेल. ते सगळं तीच पाठवणार. न कळवता जाऊन थडकायची सोय मुंबईला असते, जर्मनीला नसते.

आता तुमच्या पत्रातल्या मूळ दुखण्याकडे येते. तीन महिने राहता येतं, तिकीट महाग आहे, मग कमी का राहायचं, असा तुमचा हिशेब आहे. यजमानांचाही तोच आहे, फक्त उत्तर उलटं आहे. दोघंही मुक्कामाची लांबी तिकिटाच्या किमतीवरून ठरवताय. श्रीवर्धनपासून देवगडपर्यंतच्या आईवडिलांची अशी पत्रं येतात आणि बहुतेकांत हाच हिशेब असतो. मूल ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत असेल तर मोह आणखी मोठा, कारण तिथे पाहुण्याला सहसा सहा महिन्यांपर्यंत राहू देतात. पण व्हिसावर लिहिलेली मुदत ही कमाल मर्यादा असते. तेवढे दिवस मूल आपल्याला सांभाळू शकेल का, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं.

जर्मनीसाठी शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, हे बरोबर. पण सरसकट ९० दिवस मिळत नाहीत. जेवढे दिवस मागाल आणि कागदांनी पटवून द्याल, साधारण तेवढ्यांचा विचार होतो. तीन महिने मागितले की तीन महिने कुठे राहणार याचा पुरावा हवा, तीन महिन्यांच्या खर्चाची तरतूद दिसायला हवी, आणि चालता धंदा न् म्हातारी सासू मागे ठेवून एवढे दिवस बाहेर राहणारी बाई परत येईलच कशावरून, या शंकेचं उत्तरही हवं. तीन आठवड्यांच्या अर्जात हे सगळं सोपं होतं.

आणि राहणार कुठे? तुमच्या डोळ्यांसमोर मुलीचं "घर" आहे. तिच्याकडे आहे एक खोली. विद्यार्थी वसतिगृहातली किंवा चौघांनी मिळून घेतलेल्या घरातली अशी खोली बहुधा दहा-पंधरा चौरस मीटरची असते. एक पलंग, एक टेबल, एक कपाट, आणि जमिनीवर गादी टाकली की दार उघडत नाही. स्वयंपाकघर सामायिक. फ्रीजमधला एक कप्पा तिचा, त्यात अर्ध्या लिटरचं दूध, अंड्यांचा खोका आणि दोन डबे बसले की संपला. वसतिगृहाच्या भाडेकरारात पाहुण्याला किती रात्री ठेवता येईल याचं बंधन बहुतेक ठिकाणी असतं. शिवाय त्या स्वयंपाकघराच्या किंवा बाहेरच्या बोळाच्या छताला धुराची घंटी लावलेली असते. आपल्याकडे सुक्या मिरचीची फोडणी बसली की शेजारीण विचारते आज काय केलंस, तिथे घंटी केकाटायला लागते. एखाद्या इमारतीत ती थेट अग्निशमन दलाला जोडलेली असते आणि बंब उगीच आला तर त्याचं बिल भाडेकरूच्या नावावर येऊ शकतं. "माझ्या खोलीत राहता येईल असं नाही" या तिच्या वाक्याच्या मागे हे सगळं असण्याची शक्यता फार मोठी आहे. तुम्ही त्यात "आई जड झाली" असं ऐकलंत.

तुम्हाला हे मी समजावून सांगायला नको, कारण तुमचा धंदाच पाहुण्यांचा आहे. दोन रात्रींचं बुकिंग करून कुटुंब येतं. त्यातली एखादी प्रेमळ काकू दुसऱ्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघरात येऊन म्हणते, "मी थापते की भाकऱ्या, तुम्ही बसा." तुम्ही हसून पाट सरकवता. हीच काकू तीन महिने राहिली, रोज तुमचे डबे तिच्या पद्धतीने लावू लागली, तर? ती वाईट नाही, भाकऱ्याही छान करते. तरी तुम्ही दिवस मोजायला लागाल. मुलगी तुमच्यावर माया करते म्हणूनच तिने हे आधी सांगितलं. न सांगता "ये की" म्हणाली असती आणि तिसऱ्या आठवड्यात तोंड पाडून बसली असती, तर ते जास्त लागलं असतं.

तिने सांगितलेला महिनाही बघा. जर्मनीतल्या बहुतेक विद्यापीठांत उन्हाळी सत्र एप्रिलला सुरू होतं, वर्ग जुलैच्या मध्यापर्यंत चालतात आणि त्याला लागून परीक्षा. तुम्ही जूनमध्ये गेला असतात तर ऐन अभ्यासात गेला असतात. ती ग्रंथालयातून रात्री दहाला येणार आणि तुम्ही ताट वाढून वाट बघत बसणार. तिला तुमच्या वाट बघण्याचं ओझं, तुम्हाला तिच्या उशिरा येण्याचं. ऑगस्ट म्हटलं म्हणजे तिने वेळापत्रक उघडून बघितलं आणि तुमच्यासाठी मोकळा तुकडा शोधला. ज्या मुलीला आई नकोच असते ती महिना सुचवत नाही, "बघू गं नंतर" म्हणते.

पंधरा दिवसच का, हे मात्र तिला सरळ विचारा. रुसून नको, माहिती म्हणून विचारा. सुट्टीत ती कुठे काम करत असेल आणि तेवढीच रजा मिळत असेल. खोलीच्या करारातला आकडा असेल. किंवा तिला वाटत असेल की आई एवढ्याच दिवसांत कंटाळेल. कारण कळलं की दिवस कमी-जास्त करता येतात.

कामाचा विषय निघाला म्हणून थोडं थांबते, कारण तिथे गेल्यावर तुम्हाला धक्का बसण्यासारखी गोष्ट बहुधा हीच असेल. विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो एकदम काढता न येणाऱ्या (ब्लॉक्ड) खात्यात दाखवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो हातात येतात. युरोला शंभराहून जास्त रुपये पडतात, म्हणजे महिना लाखाच्या आसपास. गावात बसून ऐकलं तर श्रीमंती वाटते. तिथे त्यातून भाडं, विमा, जेवण, फोन, सगळं भागवायचं असतं. म्हणून बहुतेक मुलं काम करतात. कायद्याने त्यांना वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. कुणी विद्यापीठात साहाय्यक असतं, पण कुणी गोदामात खोकी उचलतं, कुणी हॉटेलात भांडी विसळतं, कुणी सायकलवरून जेवण पोचवतं. तुमची मुलगी यातलं काय करते ते मला माहीत नाही. कदाचित तुम्हालाही पूर्ण माहीत नसेल. जाऊबाईंना जे "लपवणं" वाटतं ते पुष्कळदा एवढंच असतं. आईने कर्ज काढून पाठवलं आणि मी इथे भांडी घासते, हे फोनवर सांगवत नाही.

तुम्ही गेलात आणि असं काही दिसलं, तर डोळे पुसत "चल परत, नको ते शिक्षण" म्हणू नका. तुम्ही स्वतः पर्यटकांच्या खोल्या झाडता, चादरी धुता आणि त्या पैशांवर दोन लाख जमवलेत. तिचं काम त्याच जातकुळीतलं आहे. आणि परत आल्यावर ते वाडीभर सांगू नका. तिने तुम्हाला दाखवलं ते तुम्हाला म्हणून दाखवलं.

मुलग्यांचं म्हणाल तर सामायिक घरात मुलं-मुली शेजारशेजारच्या खोल्यांत राहणं, स्वयंपाकघर वाटून घेणं, ही तिथली रोजची पद्धत आहे. प्रत्येकाच्या खोलीला बहुधा स्वतःचं कुलूप असतं. त्यापलीकडे तिच्या मनात कुणी असेल, नसेल. तुम्हाला विचारायचंच असेल तर जाण्याआधी फोनवर विचारा, आणि उत्तर काहीही आलं तरी ऐकून घेण्याची तयारी असेल तरच विचारा. तपासणी करायला दोन लाख खर्चून जाऊ नका, एवढं मी ठामपणे सांगते. तुम्ही कपाट उघडताना कशा बघता हे तिला पाळण्यात असल्यापासून ठाऊक आहे. तिला पहिल्या तासात कळेल की आई कशासाठी आली आहे, आणि पुढचे सगळे दिवस ती तुमच्यासमोर नाटक करेल.

तर पर्याय. नाद सोडा असं मी म्हणणार नाही. यजमान म्हणतात तसं पैशाच्या मापाने पाहिलं तर तीन महिनेही महागच पडतात, कारण तिथे तुमचं खाणं-राहणं फुकट नाही. त्यांना खरंच पैशाची काळजी आहे, की तुम्ही एकट्या जाताय आणि आपल्याला कुणी "तुम्हीही चला" म्हटलं नाही, हे एकदा बघा. पुरुष असं बोलून दाखवत नाहीत. दोघांनी मिळून जायचं तर खर्च दुप्पट आणि सासूबाईंपाशी कोण, हा प्रश्न. यंदा तुम्ही, तिच्या पदवीदानाला ते, असं वाटून घेतलं तर माझ्या मते चालण्यासारखं आहे.

तीन महिन्यांचा हट्ट सोडा. आणि पंधरा दिवस हेही दगडावरची रेघ समजू नका. पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या बाईला वेळेतला फरक आणि प्रवासाचा शीण जायलाच दोन-तीन दिवस लागतात. जर्मनी उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असते, म्हणजे तुम्हाला पहाटे दोनला टक्क जाग येणार. म्हणून मी तीन आठवडे सुचवेन, पण तिच्या खोलीत तीन आठवडे नव्हे. पुष्कळ शहरांत विद्यार्थी वसतिगृहं चालवणाऱ्या संस्थेच्याच अतिथी खोल्या असतात. पालकांना त्या हॉटेलपेक्षा स्वस्तात मिळतात, पण ऑगस्टसाठी आत्ताच विचारून ठेवाव्या लागतात. मुक्काम तिथे, दिवस तिच्याबरोबर. मधले चार-पाच दिवस दोघींनी कुठेतरी फिरायला जा. ते आपल्याला परवडत नाही असं मनातसुद्धा आणू नका. महिन्याला ६३ युरोचं जर्मनीभर चालणारं तिकीट मिळतं, त्यावर साध्या गाड्या, ट्राम, बस सगळं चालतं, फक्त वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्या चालत नाहीत. ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहणारं असतं. महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. ही आठवण मुलीला करून द्या, मुलं विसरतात.

ऑगस्ट तुमच्यासाठीही सोयीचा आहे. यंदा, २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ आल्याने गणपती लांबलेत, चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. आगोटीची कामं मेअखेर उरकलेली असतील, लावणी जुलैत होईल, पर्यटक नसतील. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निघून २८ तारखेच्या नारळी पौर्णिमेपर्यंत परत आलात तर घर सारवायला, मंडपीचं सामान जमवायला दोन आठवडे हातात राहतात. सासूबाईंसाठी नणंदेला किंवा त्यांच्या माहेरच्या कुणाला आत्ताच शब्द टाकून ठेवा. हे काम यजमानांवर सोडाल तर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ होईल.

कागदांचं. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. मे-जूनमध्ये भेटीची वेळ मिळणं कठीण जातं, तेव्हा शिमगा झाला की लागा मागे. फी ९० युरो, अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, त्यामुळे एक मुंबईवारी धरा. पासपोर्ट काढला आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर आज उठून आधी ते. जन्मतारीख आणि नाव आधार, शाळेचा दाखला, लग्नाचा दाखला यांत सारखं आहे का बघा. माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर, यात आपल्याकडच्या बायकांचे महिने जातात.

तुमची खरी अडचण उत्पन्न दाखवण्याची असेल. खोल्यांचे पैसे बरेचसे रोख येतात, घरात डब्यात राहतात. ते दोन लाख अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकरकमी खात्यात भरलेत तर उलट शंका येते. पैसे कुठून आले, हा पहिला प्रश्न. आत्तापासून येतील तसे भरत जा. पर्यटन खात्याकडची निवास-न्याहारीची नोंदणी असेल तर तिचा दाखला, आयकराचं विवरणपत्र, यजमानांचं खातं, हे सगळं जोडा. तुम्ही परत येणार याचा पुरावा म्हणून सातबारा चांगला, पण कोकणातला सातबारा म्हणजे एका गुंठ्यावर बारा चुलत्यांची नावं. त्यात आपलं नाव कुठे आहे ते खूण करून, भाषांतरासह द्या. मुलगी विद्यार्थिनी असल्याने तिच्या उत्पन्नावर तुमच्या खर्चाची हमी बहुधा चालणार नाही, खर्च तुम्ही स्वतः उचलताय हेच दाखवा. "व्हिसाची गॅरंटी" देणारा एजंट भेटला तर चहा पाजून वाटेला लावा. अर्ज भरून देणं एवढंच त्याच्या हातात असतं. आणि अर्ज पहिल्यांदाच नीट जायला हवा, कारण जर्मन वकिलातीकडे नकाराविरुद्ध फेरविचार मागायची जी सोय होती ती १ जुलै २०२५ पासून बंद झाली आहे. नकार आला तर नवा अर्ज करायचा, नाहीतर तिथल्या कोर्टात जायचं. तिकिटाचे पूर्ण पैसे व्हिसा हातात येईपर्यंत भरू नका, नुसतं आरक्षण ठेवा.

प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतोच. पण स्वस्तात स्वस्त बघू नका. आधीपासूनच्या आजाराचं काय, ही ओळ वाचा किंवा कुणाकडून वाचून घ्या. बीपीचा त्रास तिथे अचानक वाढला तर तो विम्यात धरतात का, हे लेखी विचारा. गोळ्या मुक्कामाला पुरून दहा दिवस उरतील एवढ्या घ्या. स्वतःपुरत्या तीन महिन्यांपर्यंतच्या चालतात. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या आणि त्यात गोळीचं कंपनीचं नाव न घालता औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

विमानाचं भय मला खरं वाटतं, इंग्रजीचं तितकंसं नाही. तुमच्याकडे गुजराती येतात, बंगाली येतात, कधीमधी गोरेही येत असतील. त्यांना तुम्ही आंघोळीचं पाणी, जेवणाची वेळ, बिलाची रक्कम समजावून सांगता ना? मुंबईहून फ्रँकफर्ट आणि म्युनिकला थेट विमानं आहेत, साधारण नऊ तास लागतात. आखातात विमान बदलणारं तिकीट दहा-पंधरा हजारांनी स्वस्त पडलं तरी पहिल्या खेपेला थेटच घ्या. मुलीला विमानतळावर यायला सांगा, यावर तडजोड नको. गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मदत मागा, ती विमान कंपन्या फुकट देतात. तिथे उतरल्यावर अधिकारी विचारेल ते ठरलेलं असतं. कशासाठी आलात, किती दिवस, राहणार कुठे, परतीचं तिकीट आहे का. ही चार उत्तरं मुलीकडून इंग्रजीत आणि जर्मनमध्ये कागदावर लिहून घ्या, खाली तिचा पत्ता आणि नंबर. फोनमध्ये नको, कागदावर, फोन नेमका तेव्हाच बंद पडतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिकडे नवी पद्धत सुरू झाली आहे, पासपोर्टावरच्या शिक्क्याची जागा ठसे आणि फोटोची नोंद घेत आहे. रांग लांब असेल तर घाबरू नका, सगळ्यांचीच असते.

बॅगेत काय न्यायचं, यावर तुम्ही काही विचारलेलं नाही, पण मला माहीत आहे ती बॅग अर्धी मनात भरून झाली आहे. तूप, पेढे, खवा, मटण-चिकन यातलं काहीही युरोपात नेता येत नाही. ताजी फळं, भाज्या, पानं यांना रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो, म्हणजे कढीपत्ता, हळदीची पानं, अळू राहू दे घरी. नारळाला हा दाखला लागत नाही. पण सुकं खोबरं मोठ्या बॅगेत आपल्याकडेच चालत नाही, ते पेट घेऊ शकतं म्हणून २०२२ पासून बंदी आहे. कुळथाचं पीठ, मेतकूट, वड्यांचं पीठ, आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी खुशाल न्या. आगळाची बाटली मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून. सुकी मासळी नियमात बसते. पण बोंबील भाजल्यावर त्या चौघांच्या स्वयंपाकघरात काय होईल, याचा विचार करून मुलीला आधी विचारा. आणि फ्रीजमधला तो एक कप्पा आठवा, पिठं सोडली तर बाकी किती बसणार?

तिथे गेल्यावर दिवसभर ती मोकळी नसेल. पहिल्या दोन दिवसांत तिच्याबरोबर एक ट्रामचा मार्ग पाठ करा, दुकान ते खोली. तिसऱ्या दिवशी एकट्या जा. पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्या टाकू नका, दुकानातल्या यंत्रात घातल्या की एकीमागे २५ सेंट परत मिळतात, तुम्हाला हे फार आवडेल. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान आणायचं. रात्री दहानंतर मोठ्याने फोनवर बोलायचं नाही, आणि आपण कोकणातली माणसं फोनवर खाडीपलीकडच्याला ऐकू जाईल असं बोलतो. ऑगस्टात रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दिवेलागणीची वेळ चुकल्यासारखी वाटते. कॉफीच्या प्रत्येक कपाला शंभराने गुणू नका. निदान तिच्यासमोर तरी नको. एक दिवस तिच्या घरातल्या सगळ्यांना बोलावून घावणे आणि कुळथाची पिठी करा, खिडकी उघडी ठेवून. बाकीचे दिवस तिला काय खावंसं वाटतं ते तिला ठरवू द्या. तिने केलेला पास्ता अळणी असला तरी दुसऱ्यांदा मागून घ्या.

मुलगी किंवा सून बाळंतपणाला असेल, मूल आजारी असेल, तर यातलं बरंच लागू नाही. तिथे जास्त दिवस जावं लागतं आणि तेही मुलंच सांगतात. पण शिकणाऱ्या मुलाकडे जाणाऱ्यांनी पहिला फोन तिकिटाच्या एजंटला करू नये. मुलाला परीक्षेच्या तारखा, खोलीचा करार आणि कामाच्या पाळ्या विचाराव्यात.

व्हिसा नाहीच मिळाला तर हेच पैसे तिच्या तिकिटाला लावा. तिकडे हिवाळी सत्राचे वर्ग ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सुरू होत नाहीत, म्हणजे चतुर्थीला तिला येता येईल. सप्टेंबरात तिची एखादी फेरपरीक्षा वगैरे आहे का, तेवढं याच फोनमध्ये विचारून ठेवा.